वाळवण आणि टोस्ट

पंचवटी कारंजाजवळच्या एखाद्या बेकरीत शिरून ‘टोस्ट द्या’ म्हटलं की दुकानदार काचेच्या बरणीकडे किंवा प्लास्टिकच्या पुड्याकडे हात नेतो. आपल्याकडे टोस्ट म्हणजे तो कडक, किंचित गोडसर, चहात बुडवायचा तुकडा. एकदा भाजलेल्या पावाचे काप करून पुन्हा भट्टीत वाळवले की तो तयार होतो. ब्रेडची स्लाइस तव्यावर शेकली तर तिला नाशिककर सहसा ‘भाजलेला ब्रेड’ म्हणतात. अमेरिकन माणसाचा टोस्ट मात्र हाच, भाजलेल्या स्लाइसचा. त्या टोस्टवर दाट पांढरा सॉस आणि त्या सॉसमध्ये खारवून वाळवलेल्या गोमांसाचे पातळ काप, असा एक नाश्ता तिथल्या सैनिकांच्या कित्येक पिढ्यांनी खाल्ला, त्याला शिव्या घातल्या आणि घरी परतल्यावर बायकोकडे किंवा कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात तोच मागितला.

हा पदार्थ पंचवटीत कुठे मिळणार नाही. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा आणि कपालेश्वर यांच्या सावलीतल्या या वस्तीत तो का मिळत नाही, हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पण पाककृती उकलून पाहिली तर तिच्यात तीनच युक्त्या सापडतात: मांस वाळवून टिकवायचं, भाजलेल्या पिठाने पातळ रस दाट करायचा आणि तो कोरड्या पोळी-पाव-भाकरीवर घालून पोट भरायचं. या तिन्ही युक्त्या महाराष्ट्राला जुन्या ओळखीच्या आहेत. त्यातल्या पहिलीचा इतिहास तर काळाराम मंदिराच्या दारापर्यंत येऊन पोचतो.

आधी अमेरिकेकडे पाहू. तिथल्या लष्कराने आपल्या आचाऱ्यांसाठी 1910 मध्ये काढलेल्या पुस्तकात या पदार्थाची कृती आहे, ती 60 जणांसाठी. वाळवलेल्या गोमांसाचे काप 15 पौंड, म्हणजे पावणेसात किलोंच्या आसपास. चरबी एक पौंड, शक्यतो लोणी. मैदा सव्वा पौंड. आटवलेल्या दुधाचे 12 औंसांचे दोन डबे, गोमांसाचं पाणी सहा क्वार्ट म्हणजे साधारण पावणेसहा लिटर, पार्सलीची एक जुडी आणि पाव औंस मिरपूड. चरबी वितळवून तिच्यात मैदा परतायचा, दूध त्या मांसाच्या पाण्यात मिसळून हळूहळू ओतायचं, गुठळ्या होऊ नयेत म्हणून ढवळत राहायचं, मग काप घालायचे, थोडा वेळ शिजवून पार्सली पेरायची आणि टोस्टवर वाढायचं. संपलं.

या आकड्यांना 60 ने भागलं की गंमत कळते. माणशी वाळलेलं मांस सुमारे 113 ग्रॅम येतं, मैदा साडेनऊ ग्रॅम आणि दूध जेमतेम एक मोठा चमचा. म्हणजे ज्याचं ‘क्रीम्ड चिप्ड बीफ’ हे नाव घेताना साय-मलई आठवते त्या पदार्थात मुळात दूध केवळ रंगापुरतं होतं. दाटपणा होता तो पिठाचा आणि चव होती मांसाच्या मिठाची. घरोघरी हा पदार्थ पोचला तेव्हा मांसाच्या पाण्याची जागा दुधाने घेतली. मांस महाग म्हणून ते कमी झालं, दूध वाढलं आणि आजचा दाट, पांढरा, लोण्याचा सॉस तयार झाला. लष्करातही पुढे वाळलेल्या कापांऐवजी ताज्या गोमांसाचा खिमा वापरायची पद्धत पडली.

सैनिकांनी या नाश्त्याला जे नाव दिलं ते मासिकात छापण्याजोगं नाही. त्याची ‘एस. ओ. एस.’ ही आद्याक्षरं मात्र सभ्य लोकांतही रुळली आहेत. शेवटचा ‘एस’ ‘शिंगल’ या शब्दाचा, म्हणजे छपरावर बसवायच्या लाकडी फळीचा. टोस्टला ही उपमा मिळाली. वर जे पसरलेलं असतं त्याला कशाची मिळाली, हे वाचकाने ताडावं. दुसऱ्या महायुद्धात लाखो तरुण एकाच प्रकारच्या पत्र्याच्या ताटातून एकच न्याहारी खात होते, त्या काळात हे नाव सर्वतोमुखी झालं. युद्ध संपलं, पोरं घरी गेली आणि ज्याला नाकं मुरडली होती त्याचीच आठवण काढू लागली. पेनसिल्व्हेनिया आणि आसपासच्या भागातल्या साध्या उपाहारगृहांत तो आजही सकाळच्या पाटीवर असतो. स्टोफर्ससारखी कंपनी तो गोठवून डब्यातून विकते. वाळवलेल्या गोमांसाचे गोल काप छोट्या काचेच्या बरण्यांतून दुकानात मिळतात.

बरणीतले ते काप लालसर, कागदासारखे पातळ आणि इतके खारट असतात की थेट सॉसमध्ये टाकले तर पदार्थ तोंडात घालवत नाही. जाणते लोक ते आधी गरम पाण्यात थोडा वेळ भिजवतात, पिळतात, पाणी फेकून देतात. सुके बोंबील किंवा खारा बांगडा रांधणाऱ्या कोकणी घरात हीच पहिली पायरी असते.

मीठ आणि ऊन यांचं काम तसं साधं आहे. मांस नासवणाऱ्या जिवाणूंना पाणी लागतं. मीठ मांसातलं पाणी बाहेर ओढतं, आत उरलेलं पाणीही जिवाणूंच्या उपयोगाचं ठेवत नाही आणि ऊन-वारा राहिलेला ओलावा उडवून नेतात. त्यामुळे बर्फ नसलेल्या जगात जिथे जिथे मोठं जनावर एका वेळी कापलं गेलं, तिथे तिथे त्याचं वाळवण झालं. अँडीज पर्वतातल्या केचुआ भाषेत त्याला ‘चार्की’ म्हणतात आणि इंग्रजीतला ‘जर्की’ हा शब्द त्यावरूनच आला. दक्षिण आफ्रिकेत ‘बिल्टाँग’ आहे, तुर्कस्तानात ‘पास्तिर्मा’, मंगोलियात ‘बोर्त्स’.

महाराष्ट्रात त्याला ‘चान्या’ म्हणतात.

हा शब्द अनेक मराठी वाचकांनी ऐकलेला नसतो आणि त्यामागे कारण आहे. मराठी पाकपुस्तकांत तो दशकानुदशकं आलाच नाही. कुरडया, पापड, सांडगे, सालपापड्या, भरल्या मिरच्या या वाळवणांची तपशीलवार मापं छापली गेली. चैत्र-वैशाखात पंचवटीतल्या गच्च्यांवरही हीच वाळवणं जुन्या साड्यांवर पसरलेली दिसतात. पण गावकुसाबाहेरच्या दोरीवर सुकणाऱ्या वाळवणाला पुस्तकात जागा नव्हती. ती शाहू पाटोळे यांनी दिली. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकावरचं त्यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक 2015 मध्ये आलं. भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 2024 मध्ये ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ या नावाने निघाला. मूळ नावातला तो एक ‘अ’ सगळं सांगून जातो. ज्या अन्नाला परंपरेने पूर्णब्रह्म म्हटलं त्यात या घरांचं अन्न मोजलेलंच नव्हतं.

चान्या करायची रीत जगातल्या इतर वाळवणांसारखीच. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या काढायच्या. त्या दोरीवर टाकून कडक उन्हात वाळू द्यायच्या. वाळत असताना कावळे, घारी आणि कुत्री यांच्यापासून राखण करायची, हे काम पोरांचं. पट्ट्या लाकडासारख्या कडक झाल्या की भरून ठेवायच्या. पावसाळ्यात रानात काम नसायचं, घरात भाजी नसायची, तेव्हा त्या बाहेर निघायच्या. निखाऱ्यावर भाजून तशाच चावायच्या, नाहीतर पातळ रश्श्यात शिजवायच्या. त्या रश्श्यात भाकरी कुस्करली की एवढ्याशा वाळल्या मांसावर घरातली सगळी तोंडं जेवत.

इथे अमेरिकन लष्करी आचारी आणि मराठवाड्यातली बाई यांच्यापुढे एकच अडचण उभी होती. रस पातळ आहे, खाणारी तोंडं जास्त आहेत, तर रसाला अंग कसं आणायचं? आचाऱ्याने चरबीत मैदा परतला. मराठवाड्यात कामी आला तो येसर. ज्वारी, बाजरी, गहू, डाळी यांतलं जे घरात असेल ते खमंग भाजायचं, मसाल्याबरोबर दळायचं आणि ते पीठ डब्यात भरून ठेवायचं. उकळत्या पाण्यात दोन चमचे येसर सोडला की पाण्याचा रस्सा होतो. येसराची आमटी मराठवाड्यात सगळ्याच समाजांत होते. पण मांसाच्या दोन-चार तुकड्यांभोवती तो ढवळला जातो, तेव्हा तो पाश्चात्त्य स्वयंपाकातल्या ‘रू’चं, म्हणजे चरबीत परतलेल्या पिठाचं, काम करत असतो. फरक एवढाच की ‘रू’ चुलीवर आयत्या वेळी भाजतात आणि येसर महिनाभर आधी भाजलेला असतो.

दुसरा फरक दुधाचा. चान्या शिजत त्या चुलीवर दूध, तूप, लोणी यांना फारसं स्थान नव्हतं, हे पाटोळ्यांच्या पुस्तकातून वारंवार जाणवतं. जी माणसं गावातली मेलेली गुरं ओढत होती त्यांच्या दारी दुभतं जनावर क्वचितच असे. अमेरिकेत 1910 साली आटवलेलं दूध डबाबंद होऊन स्वस्तात लष्करी गाड्यांवर चढत होतं. म्हणून एका ठिकाणी रस पांढरा झाला आणि दुसऱ्या ठिकाणी तांबडा-काळा राहिला.

मेलेल्या गुरांचा उल्लेख आला, तर तो पुरता करायला हवा. कारण वाळवणाची गरज मुळात तिथूनच निर्माण झाली. बलुतेदारीच्या गावगाड्यात मेलेलं जनावर गावाबाहेर ओढून नेणं हे महारांवर लादलेलं काम होतं आणि त्याच्या मोबदल्यात मांस मिळे. जनावर कधी मरेल ते सांगता येत नाही. मेलं की एका दिवसात मणभर मांस आणि मग कित्येक आठवडे काहीच नाही. असं मांस टिकवायचं तर ऊन आणि वारा हेच काय ते साधन. चवीच्या आवडीतून चान्या जन्मल्या नाहीत, त्या या हिशेबातून जन्मल्या. मग चवही लागली, कारण जे पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं जातं त्याची चव लागतेच.

या मांसाविरुद्धचा सर्वांत मोठा आवाज याच समाजातून उठला. मार्च 1927 मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी ती सर्वांना माहीत आहे. त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, असं आवाहन केलं. वाड्यावस्त्यांवर लोकांनी शपथा घेतल्या. मृत जनावर ओढायचंही अनेकांनी नाकारलं आणि त्यापायी गावोगाव बहिष्कार, मारहाण सोसली. तीन वर्षांनी, 2 मार्च 1930 रोजी, पंचवटीत काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्री-पुरुषांची शिस्तबद्ध मिरवणूक मंदिराकडे गेली, मंदिराची दारं बंद होती आणि ती बंदच राहिली. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव कृष्णराव गायकवाड, म्हणजे दादासाहेब गायकवाड, यांनी या लढ्याची नाशिकमधली धुरा वाहिली. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. लढा 1935 पर्यंत रेंगाळला आणि त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली.

ताटातलं मांस आणि देवळाचं दार यांचा संबंध आंबेडकरांनी पुढे थेट मांडला. 1948 मध्ये आलेल्या ‘दि अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांचा सिद्धान्त असा आहे की, इतरांनी गोमांस सोडल्यावरही ज्या पराभूत, विस्थापित लोकांनी ते खाणं चालू ठेवलं, त्यांच्यावर अस्पृश्यता लादली गेली. हा सिद्धान्त पुढच्या अभ्यासकांना पटो वा न पटो, महाराष्ट्रातल्या वाळवणाच्या इतिहासात तो टाळता येत नाही. अमेरिकन सैनिकाला त्याच्या न्याहारीची फार तर थट्टा करता आली. चान्या खाणाऱ्या घरातल्या मुलाला शाळेत आपल्या डब्यात काय आहे ते लपवावं लागलं. एका पदार्थाची जागा आठवणींच्या गप्पांत झाली. दुसरा पदार्थ आधी चळवळीने सोडायला लावला आणि मग त्याच समाजातल्या लेखकांनी, आता लाज कसली, म्हणून लिहून ठेवला.

कायद्याचं चित्र त्यानंतर आणखी बदललं. 1976 च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गाय आणि वासरांच्या कत्तलीला बंदी केली होती. मार्च 2015 मध्ये दुरुस्ती लागू झाली आणि बैल व वळूही बंदीत आले. कत्तलीसाठी शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 रुपयांपर्यंत दंड अशी ठरली. राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं हाही त्या दुरुस्तीने गुन्हा केला होता, ते कलम मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2016 रोजी रद्दबातल ठरवलं. म्हैस या बंदीत नाही. तेव्हा आज महाराष्ट्रात हा अमेरिकन पदार्थ कायद्याच्या चौकटीत करायचा, तर ते म्हशीच्या मांसाचं वाळवण असेल.

नाशकाच्या अंगणात पाव आणि गोमांस एकत्र येण्याचं एक ठिकाण मात्र होतं. पंचवटीहून नदी ओलांडून, नाशिकरोड मागे टाकून पुढे गेलं की देवळाली कॅम्प लागतो. ही छावणी 1861 ची. मुदत संपलेले ब्रिटिश शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत इथे थांबत. बोटी ठरावीक हंगामातच सुटत, त्यामुळे काहींना महिनोन्‌महिने रिकामं बसावं लागे. ऊन, ताप, दारू आणि कंटाळा यांनी डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डुलाली’ म्हणतात ते याच गावाच्या नावावरून. ब्रिटिश शिपायाचा शिधा मुख्यतः गोमांस आणि पाव यांचाच असे. काळारामाच्या कळसापासून काही कोसांवर एक अख्खी छावणी हेच खाऊन बोटीची वाट पाहत होती. तिच्या ताटाला कुणी विटाळ मानला, तरी तो बोलून दाखवायची सोय नव्हती. देवळालीला आज तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे.

आता चुलीकडे वळू. कारण या पदार्थाचं मर्म मांसात जितकं आहे त्याहून जास्त सॉसमध्ये आहे आणि सॉस पंचवटीतल्या कुठल्याही शाकाहारी स्वयंपाकघरात होतो.

चार जणांसाठी अर्धा लिटर दूध, चार मोठे चमचे लोणी आणि चार मोठे चमचे मैदा हे प्रमाण पुरतं. याहून कमी मैदा घेतला तर सॉस टोस्टवरून ओघळतो आणि जास्त घेतला तर खळ होते. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर लोणी वितळू द्यायचं. त्याचा फेस बसू लागला की मैदा घालून लाकडी चमच्याने परतत राहायचं. आधी मिश्रण ओल्या वाळूसारखं दिसतं. मग सैल होतं, बारीक बुडबुडे येतात. दोनेक मिनिटांनी कच्च्या पिठाचा वास जाऊन बिस्किटाच्या भट्टीसारखा वास येतो. इथेच थांबायचं. पांढऱ्या सॉससाठी रंग बदलू द्यायचा नाही. 1910 च्या लष्करी कृतीत मात्र पीठ तांबूस करायला सांगितलं आहे आणि तसं केलं तर चव येसराच्या बरीच जवळ जाते.

मग दूध. पहिला अर्धा कप ओतला की पिठाचा एकदम गोळा बनतो आणि नवखा माणूस घाबरतो. घाबरायचं नाही, ढवळत राहायचं. गोळा दूध पितो, पुन्हा सैल होतो. मग आणखी थोडं दूध. असं चार-पाच हप्त्यांत सगळं दूध मुरवायचं. पिठातल्या स्टार्चचे कण साठ अंशांच्या पुढे पाणी पिऊन फुगू लागतात आणि उकळीच्या जवळ पुरते फुगून रस दाट करतात. लोण्याचं काम या कणांना एकमेकांपासून सुटं ठेवण्याचं. कोरडं पीठ थेट गरम दुधात टाकलं तर गुठळीचा बाहेरचा थर लगेच चिकट होतो आणि आत पीठ कोरडंच कोंडलं जातं.

ज्या घरात पिठलं होतं तिथे हे शास्त्र शिकवायला नको. एक जण बेसन आधी गार पाण्यात कालवून घेतो, दुसरी एका हाताने उकळत्या पाण्यात पीठ पेरते आणि दुसऱ्या हाताने भराभर घोटते. दोन्ही रीती गुठळीशी झुंजायच्याच आहेत. ‘बेशामेल’ या नावाने ओळखला जाणारा सॉस चौदाव्या लुईच्या दरबारातल्या लुई द बेशामेय या सरदाराच्या नावावर लागला असला, तरी पीठ परतून रस दाट करायची युक्ती त्याच्याआधीची. ला व्हारेन या आचाऱ्याच्या 1651 च्या फ्रेंच ग्रंथात ती आहेच. मराठी घरात हा सॉस ‘व्हाइट सॉस’ म्हणून आला आणि बेक डिशच्या काचेच्या भांड्यात भाज्यांवर पसरला. टोस्टवर तो क्वचितच गेला.

मूळ कृतीत या टप्प्याला भिजवून पिळलेले मांसाचे काप पडतात, चार जणांना शंभर-सव्वाशे ग्रॅम पुरतात. मीठ शेवटपर्यंत घालायचं नाही, कापांतून ते सॉसमध्ये उतरतंच. मिरपूड मात्र सढळ हाताने. मटण खाणाऱ्या घरात खिमा कोरडा परतून घेतला तर तो लष्कराच्या नंतरच्या खिम्याच्या कृतीशी इमान राखतो. शाकाहारी पंचवटीकराने पाव किलो अळंबी पातळ चिरून, तेल न घालता गरम कढईत टाकावीत. ती आधी पाणी सोडतात, ते पाणी आटतं, मग कडा तपकिरी होतात. अळंबी अशी निम्म्याहून कमी होईपर्यंत थांबायची चिकाटी ठेवली तर त्यांच्यात चावण्याजोगं अंग आणि खमंगपणा येतो. वाळवणाचं जे काम ऊन तीन दिवसांत करतं त्याचा छोटा अवतार कढईत पंधरा मिनिटांत पाहायला मिळतो. यात मीठ मात्र आपल्याला घालावं लागतं आणि जरा जास्तच, नाहीतर सॉस सपक लागतो.

ब्रेड तव्यावर दोन्ही बाजूंनी चांगला खरपूस भाजायचा, मऊ ठेवायचा नाही. सॉस गार होताना आणखी घट्ट होतो, म्हणून कढईत तो हवा त्यापेक्षा थोडा सैल असतानाच उतरवायचा. वाढल्यावर गप्पा मारत बसलं तर टोस्ट मधूनच खचतो. मिसळ खाणाऱ्या नाशिककराला पाव रश्श्यात नेमका किती वेळ ठेवायचा हे बोटांनाच कळतं, तीच घाई इथे हवी. कडा कुरकुरीत, मध्यभाग सॉस पिऊन मऊ आणि वर मिरपुडीचा झणका, या तीन गोष्टी एका घासात येतात तेवढा वेळ फार तर दोन-तीन मिनिटांचा.

साठ सैनिकांना माणशी दोन टोस्ट म्हटले तरी सकाळी 120 स्लाइस भाजाव्या लागतात. त्या एकदम भाजून ढीग रचून ठेवल्या की गार आणि चिवट होतात. शिपायाला त्या टोस्टवरून छपराची फळी आठवली ती बहुधा अशाच एखाद्या ढिगाच्या तळाशी असावी. बेकरीतला आपला टोस्ट आधीच वाळवलेला असल्याने लवकर खचत नाही. पण तो गोडसर असतो, कधी त्यात वेलचीही असते आणि वर मिरपुडीचा खारट सॉस पडला की जीभ गोंधळते. तरीही कुणाला करून पाहायचं असेल तर दोन टोस्ट बाजूला काढून ठेवावेत. उरलेले दुपारच्या चहाला लागतातच.